खवले मांजर कोणत्या घरचे?

(संस्थेच्या वार्षिक समारंभात संगमेश्वर येथे विद्यार्थी व पालक यांच्यासमोर केलेले भाषण)



अशा समारंभात पाहुण्याने उभे राहून शिक्षणाचे महत्त्व सांगावे असा आपल्याकडे रिवाज पडून गेला आहे. परंतु ज्यांना ते महत्त्व पटलेले नाही ते येथे आलेलेच नाहीत, आणि जे आले आहेत त्यांना तेच पुन्हा सांगण्यात अर्थ नाही. म्हणून आज मी एका जनावराविषयी बोलणार आहे. जनावर आपल्याच मुलखातले आहे. रात्री फिरते, दिवसा बिळात झोपते, कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. त्याचे नाव खवले मांजर.

ज्यांची वस्ती डोंगराच्या अंगाला आहे त्यांच्यापैकी काहींनी ते पाहिले असेल. शेपटीसकट दोन-अडीच हात लांबी, वजन दहा-पंधरा किलो. पाठीवर, बाजूंना आणि शेपटीवर तपकिरी रंगाची जाड खवले, आपल्या घरांची कौले बसवतात तशी एकावर एक चढवलेली. तोंड निमुळते, तोंडात एकही दात नाही. जीभ मात्र लांबलचक आणि चिकट. पुढच्या पायांना मोठ्या वाकड्या नख्या; त्यांनी वारूळ फोडायचे आणि जिभेने मुंग्या-वाळवी टिपायची, एवढाच त्याचा उद्योग. भीती वाटली की ते पळत नाही, चावत नाही; अंगाची वळकटी करून डोके पोटाशी घेते आणि चेंडू होऊन पडून राहते. मलय भाषेत अशा गुंडाळी होणाऱ्याला जो शब्द आहे त्यावरूनच इंग्रजीतला ‘पँगोलिन’ हा शब्द आला. बिबट्यासुद्धा हा चेंडू सहजासहजी उलगडू शकत नाही. माणसाला मात्र तो उचलून पोत्यात घालता येतो, आणि सगळी अडचण तेथेच आहे. तिच्याकडे मी पुढे येतो.

आता विद्यार्थी मित्रांना माझा प्रश्न आहे. हे जनावर कोणत्या घरचे? अंगावर खवले आहेत म्हणून माशांत घालावे, तर ते पाण्यात राहत नाही. घोरपड-सरड्यांत घालावे, तर मादी पिल्लाला दूध पाजते आणि पिल्लू तिच्या शेपटीवर बसून फिरते. नीट पाहिले तर पोटाखाली आणि खवल्यांच्या मधून केसही दिसतात. दूध आणि केस ही दोन लक्षणे सापडली की प्राणी सस्तन, हे आपण आठवी-नववीत शिकलो. म्हणजे मासा गेला, सरडा गेला. पण सस्तन म्हटल्याने काम भागत नाही. बैल सस्तन, उंदीर सस्तन, वटवाघूळ सस्तन, देवमासा सस्तन आणि आपणही सस्तन. यांपैकी खवले मांजराचे जवळचे नातेवाईक कोण? त्याला मांजर का म्हणतात? म्हणतात ते बरोबर की चूक?

परीक्षेसाठी आपण संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती अशी शिडी पाठ करतो. ती पत्रावरच्या पत्त्यासारखी आहे. राज्य, जिल्हा, तालुका, गाव, वाडी, घर. पत्ता बरोबर असला की पत्र पोहोचते. पण पत्ता म्हणजे नाते नव्हे. एका चाळीत शेजारी राहणारी दोन कुटुंबे सख्खी नसतात, आणि संगमेश्वरातला भाऊ व आखातात नोकरीला गेलेला भाऊ हजारो मैलांवर असूनही सख्खेच असतात. प्राण्यांचे वर्गीकरण म्हणजे त्यांचा पत्ता लिहिणे की त्यांची वंशावळ काढणे, या प्रश्नाचा निकाल लागायला विद्वानांना हजाराहून अधिक वर्षे लागली.

नवव्या शतकात बसरा शहरात अल-जाहिझ नावाचा मोठा ग्रंथकार होऊन गेला. त्याने ‘किताब अल-हयवान’ हा प्राण्यांवरचा अनेक खंडांचा ग्रंथ लिहिला. त्याने प्राण्यांचे चार भाग केले: चालणारे, उडणारे, पोहणारे आणि सरपटणारे. चालीवरून केलेली ही वाटणी कोणालाही समजेल अशी आहे. पुढे चौदाव्या शतकात कैरोच्या अद-दमीरीने ‘हयात अल-हयवान’ हा कोश रचला. त्याने प्राणी अक्षरानुक्रमे लावले. कोशाला हीच पद्धत सोयीची, कारण वाचकाला हवे ते लगेच सापडते. परंतु गंमत अशी होते की अरबीत हत्तीला फील म्हणतात, उंदराला फार म्हणतात आणि घोड्याला फरस. म्हणून हे तिघेही ‘फे’ या एकाच अक्षरात येऊन बसतात. आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखेच हे आहे. हजेरीपट उपयोगाचा असतो, पण त्यात शेजारी नाव आहे म्हणून कोणी कोणाचा चुलतभाऊ होत नाही.

आज आपण जी पद्धत वापरतो तिचा पाया स्वीडनच्या लिनियसने घातला. त्याचा ‘सिस्टिमा नाटुरी’ हा ग्रंथ १७३५ साली निघाला आणि १७५८ सालची त्याची दहावी आवृत्ती ही प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची सुरुवात मानली जाते. प्रत्येक प्राण्याला दोन शब्दांचे नाव, पहिले प्रजातीचे व दुसरे जातीचे, ही व्यवस्था त्याने प्राणिसृष्टीला लावून दिली. सस्तन या वर्गाचे नावही त्याचेच. १७३५ साली त्याने देवमाशाला माशांत घातले होते. १७५८ साली तेथून काढून सस्तनांत आणले. मोठ्या माणसाला हे शोभते.

पण लिनियसने दाखवलेली घरे पाहिली तर आज हसू येते. ज्यांना पुढचे दात नाहीत अशांचा त्याने एक गण केला. त्यात हत्ती, समुद्रगाय, स्लॉथ, दक्षिण अमेरिकेतला मुंगीखाऊ आणि खवले मांजर असे पाच पाहुणे एका पंगतीला बसवले. दुसऱ्या एका गणात डुक्कर, साळूसारखा काटेरी छोटा हेजहॉग, चिचुंद्री, मोल, आर्माडिलो आणि अमेरिकेतला पोटाला पिशवी असलेला ओपोसम. वटवाघळाला तर त्याने माकडांच्या आणि माणसांच्या गणात घातले होते. मात्र यात त्याची निव्वळ टवाळी करू नये. हत्ती आणि समुद्रगाय हे खरेच एकमेकांचे जवळचे नातेवाईक आहेत, हे पुढे निराळ्या पुराव्याने सिद्ध झाले. दातांवरून केलेल्या वाटणीत एक जोडी तरी खरी लागली.

ओपोसमची गोष्ट जरा सविस्तर सांगितली पाहिजे, कारण नावाने माणूस कसा फसतो याचे इतके चांगले उदाहरण दुसरे नाही. ओपोसम हा शब्द उत्तर अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला. सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी तो उचलला. मांजराएवढे, लांब तोंडाचे, पातळ शेपटीचे हे जनावर. त्याचे पिल्लू अवघ्या बारा-तेरा दिवसांत जन्मते, मधमाशीएवढे असते आणि आईच्या पोटावरच्या पिशवीत शिरून तेथे दूध पीत वाढते. पुढे १७७० साली कॅप्टन कुकच्या जहाजाबरोबर जोसेफ बँक्स हा वनस्पतितज्ज्ञ ऑस्ट्रेलियाला गेला. तेथे त्याला पिशवीवाले एक झाडावरचे जनावर मिळाले. अमेरिकेतले ओपोसम त्याला ठाऊक होते; त्याने तेच नाव या जनावराला लावले. त्याचेच पुढे पॉसम झाले.

आता दोन्ही पिशवीवाले, दोन्ही झाडावर चढणारे, दोन्ही निशाचर, नावही एकच. कोणीही म्हणेल की सख्खे भाऊ. परंतु तसे नाही. ऑस्ट्रेलियातला पॉसम हा कांगारू आणि कोआला यांच्या गणातला. अमेरिकेतल्या ओपोसमचा गण निराळा. म्हणजे झाडावरच्या पॉसमला जमिनीवर उड्या मारणारा कांगारू जवळचा, आणि त्याच्या नावाचा अमेरिकन ओपोसम दूरचा.

याहूनही चमत्कारिक प्रकार आहे. ऑस्ट्रेलियातल्या पॉसमांपैकी काही पुढच्या-मागच्या पायांमधली कातडी ताणून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तरंगत जातात. आपल्या सह्याद्रीतही उडती खार आहे. रात्री बॅटरीच्या उजेडात ती झाडावरून तरंगताना ज्यांनी पाहिली त्यांना ते दृश्य विसरता येत नाही. दोघांचे फोटो शेजारी ठेवले तर बाहेरून ओळखणे कठीण. पण तरंगणारा पॉसम कांगारूचा भाऊबंद आहे आणि आपली उडती खार ही खार. नात्याचा हिशेब मांडला तर उडती खार त्या पॉसमपेक्षा मला आणि तुम्हाला जवळची आहे, कारण आईच्या उदरात वार तयार होऊन वाढणाऱ्या प्राण्यांची शाखा पिशवीवाल्यांपासून फार पूर्वी वेगळी झाली आणि त्या शाखेत खारही आहे, माणूसही आहे. उंच झाडांच्या रानात तरंगत जाणे सोयीचे, म्हणून दोन वेगळ्या वंशांना तसेच पंख फुटले. गरज सारखी असली की रूप सारखे होते. रक्त सारखे असावे लागत नाही. भारतात पिशवीवाला प्राणी एकही नाही. म्हणून मराठीत त्याला जुने नाव नाही. विज्ञानाच्या पुस्तकांनी शिशुधान असा शब्द केला आहे, तो चांगला आहे.

आता आपल्या घरात आणि आपल्या परसात येऊ. रात्री भिंतीच्या कडेने चिकचिक करत जाणारी चिचुंद्री आपण उंदरांत जमा करतो. ती उंदीर नव्हे. उंदराचे पुढचे दात कुरतडण्याचे असतात आणि जन्मभर वाढत राहतात. चिचुंद्रीचे बारीक टोकदार दात किडे-झुरळे खाण्यासाठी. ती धान्याची नासाडी करत नाही, उलट घरातली झुरळे कमी करते. तिच्या वासाबद्दल मी काही बोलत नाही. साळिंदराला काटे असतात आणि हेजहॉगलाही, पण साळिंदर उंदराच्या गणातले आणि हेजहॉग चिचुंद्रीच्या. तरस पाहिले की कोणीही कुत्र्याच्या जातीचे म्हणेल. ते मांजराच्या शाखेतले आहे. मुंगूसही त्याच शाखेतले. उदमांजराचे आणि जवादी मांजराचे कुल मांजराचे नव्हे, पण शेजारचे आहे, म्हणून तेथे आपल्या जुन्या माणसांनी दिलेले नाव फारसे चुकलेले नाही. पावसाळ्यात शेतात जमीन उकरताना कधी कधी जाड गांडुळासारखा, काळपट, वळ्या-वळ्यांचा प्राणी निघतो. त्याला देवगांडूळ म्हणतात. तो ना गांडूळ, ना साप. तो बेडकाच्या वर्गातला उभयचर आहे. साप समजून तो हकनाक मारला जातो.

आणि देवमासा? कोळी बांधवांनी त्याला मासा म्हटले यात नवल नाही. पण २०२३ च्या नोव्हेंबरात आपल्याच जिल्ह्यात गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचे पिल्लू वाळूत रुतले, तेव्हा त्याला पाण्यात परत नेण्यासाठी लोक आणि सरकारी खाती रात्रंदिवस झटली. अखेर ते वाचले नाही. मासा असता तर पाण्याबाहेर थोड्याच वेळात त्याचा कारभार आटोपला असता. ते इतका वेळ तग धरून राहिले, कारण ते आपल्यासारखे फुप्फुसाने श्वास घेते. देवमाशाचे नातेवाईक कोण, तर पाणघोडा आणि त्यामागून गाय, बकरी, हरिण. हे ऐकून कोणाला खोटे वाटेल. पण पाकिस्तानात सापडलेल्या कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांत देवमाशांच्या चार पायांच्या पूर्वजांचे घोटे सापडले आहेत, आणि घोट्याचे ते हाड बकरीच्या घोट्याच्या घडणीचे आहे.

मग ही नाती ओळखायची कशी? येथे मला आपल्या गावाचाच आधार घेऊ द्या. संगमेश्वर हे नावच संगमावरून पडले. सोनवी आणि शास्त्री या नद्या येथे एकत्र येतात. वर सह्याद्रीत जावे तर प्रत्येक खोऱ्यात वेगळा ओढा, वेगळे नाव. पाण्याबरोबर खाली येत जावे तसे दोन ओढे मिळतात, मग त्यांना तिसरा मिळतो आणि शेवटी एकच पात्र उरते. प्राण्यांच्या वंशांचेही तसेच आहे, फक्त येथे खाली जाणे म्हणजे काळात मागे जाणे. आज दिसणारे प्राणी हे वरचे वेगवेगळे ओढे. काळात मागे जावे तसे ते एकमेकांना मिळत जातात. जे दोन प्राणी आधी मिळतात ते जवळचे, जे उशिरा मिळतात ते दूरचे. डार्विनने १८५९ साली ग्रंथ प्रसिद्ध केला तेव्हापासून वर्गीकरण म्हणजे वंशावळ, ही गोष्ट शास्त्रज्ञांनी मनाशी धरली. पण ओढे कोठे मिळाले हे हाडे आणि दात पाहून ठरवावे लागे, आणि हाडे कधी कधी फसवतात.

खवले मांजराच्या बाबतीत ती फसवत राहिली. मुंग्या खाणाऱ्याला दात नकोत, लांब जीभ हवी, बळकट नख्या हव्यात. दक्षिण अमेरिकेतल्या मुंगीखाऊची हीच लक्षणे. म्हणून विद्वानांनी खवले मांजर, मुंगीखाऊ, स्लॉथ आणि आर्माडिलो यांना शंभराहून अधिक वर्षे दंतहीनांच्या एकाच गणात ठेवले. विसाव्या शतकाच्या आरंभी खवले मांजराला स्वतंत्र गण मिळाला. वेगळे घर तर मिळाले, पण शेजार कोणाचा हे कळेना. काही जण तरीही मुंगीखाऊकडेच बोट दाखवत होते.

निकाल लागला तो डीएनएमुळे. प्रत्येक जीवाच्या पेशीत जी आनुवंशिक मजकुराची लांब पट्टी असते, ती आता अक्षर-अक्षर लावून वाचता येते. दोन प्राण्यांची पट्टी शेजारी ठेवून कोठे कोठे फरक पडला हे मोजायचे. मुंग्या खाऊन जीभ लांब झाली म्हणून या मजकुरातील हजारो अक्षरे काही एकसारखी होत नाहीत. २००१ च्या सुमारास सस्तनांच्या बहुतेक सर्व गणांची अशी तपासणी झाली, आणि खवले मांजराचा शेजार सापडला. मुंगीखाऊ फार लांब राहिला. जवळचे निघाले ते मांसभक्षक. म्हणजे वाघ, बिबट्या, मुंगूस, कोल्हा, कुत्रा आणि मांजर.

मित्रहो, हे ऐकल्यावर क्षणभर थांबावेसे वाटते. ज्या शेतकऱ्याने किंवा कातकऱ्याने या जनावराला पहिल्यांदा मांजर म्हटले त्याने डीएनए पाहिला नव्हता. त्याने कदाचित त्याची रात्रीची दबकी चाल पाहिली असेल, कदाचित नुसता आकार पाहिला असेल. मी असे म्हणणार नाही की आपल्या पूर्वजांना सर्व ठाऊक होते. ते म्हणणे आजकाल फार स्वस्त झाले आहे. त्याच पूर्वजांनी देवमाशाला मासा म्हटले. खवले मांजर हे मांजर नव्हेच. मांजराचा आणि त्याचा ओढा मिळतो तो सात-आठ कोटी वर्षे मागे गेल्यावर. पण सर्व जिवंत प्राण्यांत त्याला सर्वांत जवळची शाखा कोणती असे विचाराल, तर उत्तर हेच. लिनियसने त्याला हत्तीशेजारी बसवले, पुढच्या विद्वानांनी मुंगीखाऊशेजारी, आणि कोकणातल्या अडाणी म्हणवणाऱ्या माणसाने मांजराशेजारी. तिघांत बरे नेमके कोण निघाले ते आपणच पाहा.

आता पालकांच्या मनातला प्रश्न मला येथूनही ऐकू येतो. हे सर्व ठीक आहे, पण त्याचा उपयोग काय? मुलाने डॉक्टर व्हावे, इंजिनियर व्हावे, निदान चांगली नोकरी धरावी. खवले मांजर कोणत्या शाखेचे हे कळून पगार वाढणार आहे का?

पगार वाढणार नाही. परंतु हिशेब करता येईल, आणि तो असा. उंदीर-खारींच्या गणात जगात दोन हजारांहून अधिक जाती आहेत. वटवाघळांच्या चौदाशेच्या घरात. खवले मांजरांच्या गणात सर्वमान्य जाती किती? आठ. चार आशियात, चार आफ्रिकेत. अलीकडे काही अभ्यासक आणखी एक-दोन जाती वेगळ्या मानाव्यात असे म्हणतात, पण त्याने फारसा फरक पडत नाही. आपले खवले मांजर त्या आठांपैकी एक. १८०३ साली त्याला मॅनिस क्रॅसिकॉडाटा, म्हणजे जाड शेपटीचे, हे शास्त्रीय नाव मिळाले. उंदराची एखादी जात नष्ट झाली तर ते दुःखच, पण त्या झाडाची एक डहाळी गेली इतकेच. ही आठ गेली तर कोट्यवधी वर्षांची एक पूर्ण फांदी बुंध्यापासून गेली. वर्गीकरण येत नसेल तर हा फरक दिसतच नाही. मग खवले मांजर म्हणजे रानातले आणखी एक जनावर.

आणि ती फांदी तोडली जात आहे. खवल्यांसाठी या जनावराची जगभर चोरटी शिकार चालते. खवल्यांत औषधी गुण आहेत अशी चीन आणि इतर काही देशांत समजूत आहे. खवले कशाची असतात? ज्या केराटिन या द्रव्याची आपली नखे असतात त्याचीच. मुलांनो, नखे कापून ती विकत घेणारा तुम्हाला कोणी भेटला आहे काय? २०१६ साली सर्व देशांच्या परिषदेत खवले मांजरांच्या आठही जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद करण्याचे ठरले. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ते पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. ते मारणे, पकडणे, त्याची खवले बाळगणे किंवा विकणे यासाठी तीन ते सात वर्षांची कैद आहे. तरीही कोकणातून खवल्यांसह माणसे पकडली गेल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येतच असतात. पकडला जातो तो बहुधा एखाद्या गावातला तरुण. कोणीतरी त्याला लाखांचे आमिष दाखवलेले असते. आमिष दाखवणारा क्वचितच सापडतो. पालकांनी हे घरी जरूर सांगावे. तरुण मुलाच्या आयुष्याची सात वर्षे ही लहान गोष्ट नव्हे.

याच्या उलट चांगली गोष्टही जवळच घडली आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने, जिने वेळासच्या समुद्री कासवांचे काम केले, खवले मांजरासाठीही गावोगाव काम चालवले आहे. २०२० साली चिपळूण तालुक्यातील डुगवे गावात लोकांनी जागतिक खवले मांजर दिनी खवलोत्सव केला आणि प्रतिकृती पालखीत बसवून मिरवली. रानातले पोत्यात घालण्यापेक्षा हे बरे.

वर्गीकरणाचा दुसरा उपयोग तर जिवाशी निगडित आहे. आपला रत्नागिरी जिल्हा फुरशांसाठी प्रसिद्ध आहे, ही काही मिरवण्याजोगी प्रसिद्धी नव्हे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी सापांवर एकच प्रतिविष चालते. हाफकिन संस्थेचे नाव त्या कामासाठी आपण सर्वांनी ऐकले आहे. पण विषारी आणि बिनविषारी यांची गल्लत रोज होते. डुरक्या घोणस हा नावाने घोणस, पण तो अजगराच्या जवळचा, पूर्ण बिनविषारी. कवड्या साप मण्यारीसारखाच पट्ट्यांचा. त्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे पट्टे डोक्यामागे काही अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे दाट असतात. हा फरक पुस्तकातून शिकून ठेवण्याचा आहे, अंधारात सापापाशी वाकून पाहण्याचा नव्हे. दंश झाला तर सापाचे कुल-प्रजाती शोधत बसू नये, मांत्रिकाकडेही जाऊ नये. त्या माणसाला धीर देऊन, हालचाल करू न देता सरळ रुग्णालयात न्यावे.

आता एका मुलाची गोष्ट. मुंबईच्या खेतवाडीत मामाकडे वाढलेला दहा-एक वर्षांचा मुलगा. छऱ्याच्या बंदुकीने चिमण्या मारणे हा त्याचा छंद होता. आज तो कोणी शिकवणार नाही. एक दिवस मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर त्याला पिवळा ठिपका दिसला. दुसऱ्या कोणी ती तशीच स्वयंपाकघरात दिली असती. याने विचारले, ही नेहमीची चिमणी नव्हे, मग ही कोण? मामा अमीरुद्दीन तय्यबजींना उत्तर येईना. त्यांनी त्याला ओरडून गप्प केले नाही. पत्र देऊन त्याला १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तेथले चिटणीस मिलार्ड यांनी ती पिवळ्या गळ्याची चिमणी आहे हे सांगितले आणि कप्पे उघडून पेंढा भरलेले पक्षी एकामागून एक दाखवले. तो मुलगा म्हणजे सलीम अली. हिंदुस्थानातल्या पक्ष्यांचा एवढा मोठा जाणकार पुढे झाला नाही.

परंतु मला त्यांच्या पक्ष्यांपेक्षा त्यांच्या नावाच्या वटवाघळाची गोष्ट अधिक आवडते. १९४८ साली तामिळनाडूतल्या हाय वेव्ही डोंगरात अँगस हटन यांनी एक फळे खाणारे वटवाघूळ मिळवले. ते याच सोसायटीच्या संग्रहात आले, आणि एका सर्वसामान्य जातीच्या नावाची चिठ्ठी लावून कप्प्यात ठेवले गेले. वीसहून अधिक वर्षे ते तेथेच पडून होते. अनेकांनी तो कप्पा उघडला असेल; चिठ्ठी वाचली आणि मिटला. मग थायलंडचे किट्टी थोंगलोंग्या यांनी ते हातात घेतले, दात तपासले आणि म्हणाले, हे ते नव्हेच. जात तर नवी होतीच, प्रजातीही नवी निघाली. १९७२ साली त्यांनी तिला लॅटिडेन्स सलीमअली असे नाव दिले. जगातले एक दुर्मिळ वटवाघूळ दोन तपे मुंबईत चुकीच्या चिठ्ठीखाली झोपलेले होते, आणि ते जागे करायला एक भिंग आणि पुन्हा पाहण्याची इच्छा एवढेच लागले.

आपल्या शाळेतल्या प्रयोगशाळेतही बरण्या आहेत आणि बरण्यांवर चिठ्ठ्या आहेत. विद्यार्थी मित्रांनी या वर्षी एक काम करावे असे मी सुचवतो. एक वही घ्या. घरी दादी-नानी, अब्बा-अम्मी, शेतावर काम करणारे गडी, मासे आणणाऱ्या कोळणी, सर्वांना विचारून आपल्या भागातल्या प्राण्यांची नावे लिहा. मराठी, आपली घरातली कोकणी, जी जशी मिळतील तशी. प्रत्येक नावापुढे ते नाव का पडले हे लिहा: रूपावरून, आवाजावरून, खाण्यावरून की राहण्याच्या जागेवरून. मग शाळेतल्या शिक्षकांच्या मदतीने तिसऱ्या रकान्यात त्याचा गण लिहा. कोठे नाव आणि नाते जुळते, कोठे फाटते, तेवढ्यावर खूण करा. ही वही पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत छापता येईल. संपादक मंडळ समोर बसले आहे, ते माझ्याकडे रागाने पाहत नाहीत याचा अर्थ त्यांची हरकत नसावी.

आणि कधी रात्री परसात, विहिरीच्या काठाला किंवा रस्त्यावर खवल्यांचा एखादा चेंडू पडलेला दिसला, तर त्याला काठीने डिवचू नका, उलगडून पाहू नका, मोबाइलचा झगझगीत दिवा त्याच्यावर धरून गर्दी जमवू नका. कुत्री असतील तर ती आवरा. थोडे लांब उभे राहा. बहुतेक वेळा ते आपोआप उलगडून आपल्या वाटेने निघून जाईल. जखमी असेल किंवा विहिरीत पडले असेल तर वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवा.